रिकामे दाब

सासूबाईंचा अंगठा दोन बोटांत धरून तिनं तो फोनच्या कडेवर टेकवला.

“इथं दाबा. जोरात नको. दाराची घंटा दाबतो ना, तेवढंच.”

सासूबाईंनी दाबलं. टेबलाला जखडलेल्या शिकंज्यात फोन घट्ट बसवलेला होता. त्यातून बारीक टक् असा आवाज आला.

“दबलं की,” सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा नाकावर खाली ओढून त्यांनी कड निरखली. “पण बटण कुठाय?”

“नाहीच आहे.”

“अगं, आत्ता दबलं!”

“दबलं नाही, आई. दबल्यासारखं वाटलं. ही कड जागची हलत नाही. तुम्ही रेटलंत ते आतल्या पट्टीला कळतं, आणि एक चिमुकली मोटर खालून झटका देते. अंगठ्याला वाटतं, बटण आत गेलं.”

“म्हणजे शुद्ध फसवणूक.”

“तिचाच तर पगार मिळतो मला.”

सासूबाई हसल्या. सुनेनंही हसून घेतलं, पण तिची नजर दाराकडे होती. चाचणीच्या खोलीत घरच्या माणसाला बसवायचं नाही असा नियम होता, कारण घरची माणसं मन राखतात. नियम मोडायची तिला हौस नव्हती. साठीच्या पुढच्या माणसांच्या चाचण्या मुळातच कमी झाल्या होत्या, त्यात आज येणाऱ्या दोघांनी ऐन वेळी टांग दिली. उद्या झटक्याचं माप कारखान्याकडे जाणार होतं आणि एकदा तिकडे गेलं की त्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून सकाळची पाळी संपवून घरी निघालेल्या सासूबाईंना तिनं परस्पर इकडे बोलावून घेतलं. तिचा सहकारी जेवायला गेला होता. मापाच्या बाबतीत तो इतका कडक होता की ऑफिसात त्याचं नावच ‘काटा’ पडलं होतं. काटा परत यायच्या आत हे उरकायला हवं होतं.

तिला स्वतःला ऑफिसात ‘खटकेबाई’ म्हणत. नवीन फोनला हलणारं एकही बटण नसणार असं ठरलं, तेव्हापासून तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. झटका कोरडा हवा की भरीव, लगेच यावा की किंचित रेंगाळून, यावर या खोलीत माणसं हमरीतुमरीवर आली होती. या सगळ्याचा तिच्या अंगठ्याला नाद लागला होता. लिफ्टचं बटण ती उगाच दोनदा दाबायची, बैठकीत पेनची टिकटिक करून शेजाऱ्याचं डोकं उठवायची. एकदा झोपेत तिनं नवऱ्याचा दंड दाबून पाहिला, तर तो म्हणाला, “चालू आहे मी, झोप आता.”

“हे बघा,” ती सासूबाईंना म्हणाली, “काही वेळा झटका येईल, काही वेळा मी मोटर मुद्दाम बंद ठेवीन. जाणवलं तर हो म्हणा, नाही तर नाही. मोटर बंद असते त्या दाबांना आम्ही रिकामे दाब म्हणतो. परीक्षा बटणाची आहे, तुमची नाही.”

“असंच म्हणतात सगळे, आणि मग नापास करतात.”

सरावाची फेरी झकास झाली. जिथं झटका होता तिथं हो, जिथं नव्हता तिथं नाही. सासूबाई भराभर उत्तरं देत होत्या, आणि सुनेच्या जिवात जीव आला. या बाईंच्या बोटाबद्दल शंका घ्यायचं तसं कारणही नव्हतं. त्या हॉस्पिटलात रक्त काढायचं काम करत. मुलांच्या वॉर्डात त्यांना ‘एकटोची’ म्हणत, कारण त्यांना दुसऱ्यांदा टोचावं लागत नसे. गुटगुटीत पोरांची जी नस डोळ्यांना दिसत नाही, ती त्या डोळे मिटून पहिल्या बोटानं शोधत. त्यांची पाळी नसली तरी वॉर्डातून फोन यायचा, आणि ताटावरून उठून त्या जायच्या.

“आता हे कानांना लावा. सळसळ ऐकू येईल. मोटरचा आवाज कानावर पडू नये म्हणून आहे ते.”

“आवाज आला तर काय बिघडलं?”

“मग माणूस कानानं उत्तर देतो, बोटानं नाही.”

सासूबाईंनी हेडफोन हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग कानांना लावला.

हो. हो. हो.

समोरच्या संगणकाच्या पडद्यावर सुनेला दिसत होतं की यातला एक दाब रिकामा होता. पुढचाही रिकामाच. “हो,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर अगदी ठाम होता. सुनेनं ओठ चावला. अशा माणसांना ते ‘होयबा’ म्हणत. मोटर बंद असतानाही जो हो म्हणतो, त्याचं लक्ष नाही किंवा तो खूश करायला आलाय, तेव्हा त्याची चाचणी बाद. ही चाळणी तिनंच सुचवलेली होती.

तिनं हात हलवला. सासूबाईंनी एक कान मोकळा केला.

“आई, माझ्यासाठी हो म्हणू नका. जाणवलं तरच म्हणा.”

“जाणवतंय म्हणूनच म्हणतेय.”

“सगळेच?”

“म्हणजे सगळे नसतात का?” सासूबाई घाईनं म्हणाल्या. “हां, सांगितलं होतंस तू. लाव पुढे.”

पुन्हा हो. पुन्हा हो. मग सासूबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नाही.”

सुनेनं पडद्यावर पाहिलं. हा झटका सगळ्यांत मोठा होता. माप किती वरपर्यंत जातं ते पाहायला ठेवलेला. त्याला माणसं दचकून हात मागे घ्यायची, काटानं तर पहिल्यांदा शिवी हासडली होती. होयबा कधी नाही म्हणत नाही. आणि हा झटका जाणवला नाही असं म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

तिनं अंगठ्याऐवजी पहिलं बोट ठेवा अशी खूण केली आणि मोटर पूर्ण जोरात सुरू करून तशीच चालू ठेवली. टेबल गुरगुरू लागलं. सासूबाई बोट टेकवून शांत बसल्या होत्या, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तशा. थोड्या वेळानं त्यांनी भुवया उंचावल्या.

“कधी सुरू करतेस?”

सासूबाईंची नजर टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे गेली. ग्लासातलं पाणी सारखं थरथरत होतं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. हेडफोन त्यांनी स्वतःच काढला आणि खोलीभर भरलेली ती गुरगुर त्यांच्या कानांत शिरली.

“बंद कर ते,” सासूबाई म्हणाल्या.

तिनं बंद केलं.

“थंडी किती आहे तुमच्या इथं. बोटं गारठली माझी.”

“आई.”

“काय आई? एसी बर्फासारखा लावून ठेवलाय आणि वर माणसांच्या परीक्षा घेतात.” त्यांनी पर्स उचलली. “मी बाहेर बसते. तुझं आटप.”

बोटं मुळीच गार नव्हती. मघाशी अंगठा धरला तेव्हा तो चांगला उबदार होता, हे सुनेला आठवत होतं.

ती पडद्याकडे वळली आणि केवळ हाताला चाळा म्हणून बाद केलेल्या चाचण्या उघडल्या. बाद झालेल्यांत तरुण माणूस औषधालाही सापडेना. सगळी साठीच्या पुढची. ती माणसं आली होती, बसली होती, अदबीनं हो हो म्हणाली होती. त्यांना वगळल्यावर उरलेल्या म्हाताऱ्या बोटांचा निकाल सुरेख आला होता, आणि त्या निकालावर वरिष्ठांनी तिची पाठ थोपटली होती.

“ही बाहेर बसलीय ती तुझी सासू ना?” काटा दारात उभा होता.

“हो.”

“कपाळ माझं! घरचं माणूस?”

“त्यांचा निकाल धरू नकोस. पण हे बघ.” तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. “हे होयबा नव्हते रे. यांना काहीच लागत नव्हतं. सगळेच दाब त्यांना सारखे. लाज वाटली म्हणून हो म्हणाले असतील, नाही तर इतरांना जाणवतं म्हणजे आपल्यालाही जाणवत असेल असं वाटलं असेल.”

काटा बराच वेळ वाचत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

“उद्या माप जायचंय.”

“नाही जाणार.”

“वर कोण सांगणार?”

“मी सांगते. चाळणी माझी होती.”

“तुला खातील ते.”

“खाऊ देत,” ती म्हणाली, आणि हातातलं पेन टिकटिक करू लागलं तसं तिनंच ते टेबलावर ठेवून दिलं.

वरच्या मजल्यावर तिला अपेक्षेपेक्षा कमी ओरडा बसला आणि जास्त वेळ गप्प बसवलं गेलं. माप थांबवून बाद केलेल्यांना परत बोलवायचं ठरलं. त्यानं तिला हायसं वाटायला हवं होतं. पण खाली येताना तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. ते बोट उद्या सकाळी कुणाच्या तरी हातावर टेकणार होतं.

गाडीत सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. सिग्नल लागला.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“काय कधीपासून?”

“आई, मला फसवू नका. फसवायचं काम माझं.”

सासूबाईंना हसू आलं नाही. “मनगटातली नस दबलीय,” त्या म्हणाल्या. “मला कळत नाही का? आयुष्य हॉस्पिटलात गेलं. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. ऑपरेशन सांगतील. मग घरी बसा, मनगट बांधून. आणि एवढं करून बोट परत येईल का? लेखी देतं का कुणी?”

“पण तोवर...”

“तोवर मी बघून काढते. मोठ्या माणसांची दिसते की.”

“आणि मुलांची?”

हिरवा दिवा लागला. मागच्यानं हॉर्न वाजवला, तशा सासूबाई त्याच्यावरच खेकसल्या, “अरे हो, जातोय ना!” घराच्या वळणावर हळूच म्हणाल्या, “परवा एका पोरीला तीनदा टोचलं. सुई बोथट आहे म्हणून सांगितलं मी. पोरीच्या आईनं माझेच आभार मानले.”

सुनेनं गिअरवरचा हात उचलला, त्यांच्या हातावर ठेवावा की न ठेवावा हे कळेना म्हणून पुन्हा गिअरवर ठेवला.

“घरात बोलू नकोस,” गाडीतून उतरताना सासूबाईंनी बजावलं. “तो उगाच आकांडतांडव करेल.”

तो, म्हणजे त्यांचा मुलगा, दार उघडायला आला तोच चिडवत.

“काय मग, पास की नापास?”

“पास,” सासूबाई म्हणाल्या आणि चपला काढायला खाली वाकल्या.

“आता फोन फुकट मिळणार तर आपल्याला!” त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. “झालं काय तुम्हा दोघींना? भांडलात का?”

“दूध संपलंय,” ती म्हणाली. “आणतोस का?”

तो कुरकुरत पिशवी घेऊन गेला. स्वयंपाकघरात सासूबाईंनी कणीक भिजवायला घेतली. ती ओट्याशी उभी राहिली, मग खिडकीशी गेली, मग फ्रीज उघडून काहीच न घेता लावून टाकला.

“एका जागी बस बाई,” सासूबाई म्हणाल्या. “माझं डोकं फिरतंय.”

तेवढ्यात ओट्यावर त्यांचा फोन वाजला. हात पिठात असल्यानं सुनेनं तो उचलून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून वॉर्डातली सिस्टर बोलत होती, आणि ती एवढ्या मोठ्यानं बोलत होती की शब्दन् शब्द सुनेला ऐकू येत होता. एक तान्हं बाळ दाखल झालंय. नस कुणालाच मिळत नाही. आज सगळ्यांनी टोचून टोचून बाळाला हैराण केलंय, आता डॉक्टर म्हणतात, त्याला रात्रभर विसावा द्या. सकाळी लवकर या, तुमच्याशिवाय होणार नाही.

“येते,” सासूबाई म्हणाल्या. “आता कुणाला हात लावू देऊ नकोस त्याला.”

फोन बंद झाला. सासूबाई पुन्हा कणीक मळू लागल्या, आणि चांगली मळली गेली तरी मळतच राहिल्या.

“जाऊ नका,” सून म्हणाली.

“ऐकलंस ना काय म्हणाली ती? मी नाही गेले तर त्याची चाळण करतील.”

“आणि तुम्ही गेलात तर?”

“मला शिकवू नकोस!” सासूबाई कडाडल्या. एवढ्या वर्षांत त्या तिच्यावर अशा कधी ओरडल्या नव्हत्या. “तुझ्या त्या खेळण्यानं ठरवायचं का मला काय येतं आणि काय नाही? ते मोटरचं वेगळं, नसेचं वेगळं. नस जिवंत असते. ती कळते.”

सुनेनं बाही वर सरकवली, खुर्ची ओढली आणि हात टेबलावर उताणा ठेवला.

“मग माझी शोधा. वॉर्डात शोधता तशी. डोळे मिटून.”

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हात धुऊन, नीट पुसून त्या समोर बसल्या. सवयीनं पर्समधून रबरी पट्टा काढून त्यांनी तिच्या दंडाला आवळला.

“मूठ कर.”

तिनं मूठ केली. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचं बोट कोपराच्या खळग्यात उतरलं. दाबलं, सोडलं, जरा सरकलं, पुन्हा दाबलं. वर्षानुवर्षांची सफाई त्यात होती. बघणारा फसला असता. ती स्वतःसुद्धा क्षणभर मनातून म्हणाली, सापडू दे, देवा, सापडू दे. बोट बाहेरच्या कडेला गेलं, घुटमळलं आणि थांबलं.

“ही,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं खाली पाहिलं. पट्ट्यानं फुगलेली तिची निळी नस स्वयंपाकघराच्या उजेडात ढळढळीत दिसत होती. बोट तिथं नव्हतं. ते होतं बाजूच्या ताठ स्नायूवर, जिथं सुई घातली असती तर ती कळवळली असती. हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

सासूबाईंनी डोळे उघडले नव्हते. “गप्प का झालीस?”

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि वरच्या मजल्याकडे निघून गेली.

“किती लांब आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“दोन बोटं.”

“दोन बोटं,” त्या म्हणाल्या. “तान्ह्या बाळाचा अख्खा कोपर तेवढा असतो.”

आता त्यांनी डोळे उघडले. आपलं बोट कुठे आहे ते पाहिलं, नस कुठे आहे ती पाहिली, आणि बोट उचलून घेतलं. पट्टा सोडताना त्यांना गाठ सापडेना, तेव्हा सुनेनं दुसऱ्या हातानं ती सोडवली. दोघींचे डोळे भरून आले होते आणि दोघींनीही ते पुसले नाहीत.

“सिस्टरला फोन लाव.”

तिनं लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. आता सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, दोन्ही हातांनी.

“मी बोलतेय. ऐक, सकाळी मला धरू नकोस. डॉक्टरांना आत्ताच सांग, बाळाला त्या नव्या यंत्राच्या विभागात न्या म्हणावं. त्यात नस पडद्यावर दिसते. सकाळची वाट बघायची नाही, आत्ताच सांगून ठेव... नाही, आता मुलांच्या वॉर्डासाठी मला फोनच करू नका... अगं नाही, रागावले नाही मी. घरी सगळं ठीक आहे. डॉक्टरांना हात दाखवायचाय.”

पलीकडून सिस्टरनं काहीतरी विचारलं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

“नाही, सुनेचा नाही,” त्या म्हणाल्या. “माझाच.”